विशेष शिक्षणाची पदवी : कर्ज किती, कमाई किती?



परीक्षांचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी मृत्युपत्र, विमा, भागीदारीचा करार यांविषयी विचारणारे वाचक या दिवसांत मुलांच्या प्रवेशाविषयी विचारू लागतात. या वेळी एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनींचे पत्र आले आहे. घरी कापडाचे दुकान. मुलगी बी. कॉम. झालेली, दुकानाचे जीएसटीचे काम तीच पाहते. गेली दोन वर्षे ती गावातील दिव्यांग मुलांच्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस विनामूल्य शिकवण्यास जाते आणि आता तिला विशेष शिक्षणातील बी. एड. करावयाचे आहे. ज्या खासगी संस्थेची चौकशी केली, तेथे शुल्क, वसतिगृह आणि जेवण धरून दोन वर्षांचा खर्च सहा लाखांच्या घरात जातो. दुकानाचा पैसा मालात आणि उधारीत गुंतलेला आहे. कर्ज काढावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

मुलीचे वडील म्हणतात, "या शिक्षणात पगार तो किती? हप्ते फेडण्यातच तिची उमेदीची वर्षे जातील." आजी म्हणतात, "हे पुण्याचे काम आहे, त्यात हिशेब कसला करता?" मुलगी दोघांपुढे गप्प आहे. भगिनी विचारतात, मी कोणाचे ऐकू?

या प्रश्नात एका घराची नव्हे, अनेक घरांची अडचण आहे. म्हणून उत्तर खासगी न पाठवता येथे देत आहे. आजींचा भाव खरा आहे आणि वडिलांची शंकाही खरी आहे. परंतु आजी हिशेब करायलाच नको म्हणतात, आणि वडिलांनी तो अर्ध्यावर सोडला आहे. आपल्या पेढ्यांवर नवा धंदा उघडताना मुद्दल, व्याज, वसुली आणि जोखीम हे चारही आकडे मांडल्यावाचून कोणी पुढे जात नाही. तीच रीत येथे लावू.

पदवीचे स्वरूप

प्रथम ही पदवी नेमकी काय आहे ते पाहू. सर्वसाधारण बी. एड. आणि विशेष शिक्षणाचे बी. एड. यांत एक मोठा भेद आहे. दुसऱ्या पदवीवर भारतीय पुनर्वसन परिषदेचे नियंत्रण असते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली. परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतून पदवी घेतल्यावर केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव लागते आणि नोंदणी क्रमांक मिळतो. नोंदणीवाचून हा व्यवसाय करणे त्या कायद्याने दंडनीय आहे. वैद्याला जशी नोंदणी, तशीच ही.

अभ्यासक्रमात प्रवेश घेतानाच एक शाखा निवडावी लागते: बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता इत्यादी. ही निवड पुढे नोकरीच्या वेळी मोलाची ठरते. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या शाखांना शहरांतील सर्वसाधारण शाळांतही वाव असतो. श्रवणदोष आणि दृष्टिदोष या शाखांचा मुख्य आधार म्हणजे त्या त्या प्रकारच्या विशेष शाळा. वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही गुणांची अट पूर्ण होत असल्यास हा मार्ग खुला असतो.

येथे एक सावधगिरी. आजवर रूढ असलेला अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा कल चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक-पदवीकडे आहे. त्यामुळे ज्या संस्थेत पैसे भरावयाचे, तिला त्याच वर्षासाठी, त्याच शाखेसाठी परिषदेची मान्यता आहे काय, हे परिषदेच्या अधिकृत यादीत स्वतः पाहून घ्यावे. माहितीपत्रकावरील छापील ओळीवर विसंबू नये. मान्यता नसलेल्या पदवीसाठी काढलेले कर्ज म्हणजे माल न पाहता भरलेली हुंडी. पैसा जातो आणि हाती विकण्याजोगे काही राहत नाही.

जमेची बाजू

आता कमाई. मागणी खरोखर आहे काय? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश झाल्याने, पूर्वी केवळ "अभ्यासात मागे" म्हणून वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसवली जाणारी असंख्य मुले कायद्याच्या कक्षेत आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर दर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवून दिले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या संलग्नता नियमांतही शाळेने विशेष शिक्षक नेमावा अशी तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली. तेव्हा मागणी नाही, असे म्हणता येणार नाही.

परंतु बाजारात गिऱ्हाईक असणे आणि गल्ल्यात रोकड येणे यांतले अंतर आपणांस कोणी शिकवायला नको. मंजूर पद आणि भरलेले पद यांत कित्येक वर्षे जाऊ शकतात. म्हणून कमाईच्या तीन पायऱ्या वेगवेगळ्या मांडू.

सर्वांत वरची पायरी केंद्र सरकारच्या शाळांची. सातव्या वेतन आयोगानुसार प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये आणि प्राथमिक शिक्षकाचे ३५,४०० रुपये. महागाई भत्ता व घरभाडे त्याहून वेगळे. मात्र त्यासाठी पदवीखेरीज शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, निवड परीक्षा असते आणि नेमणूक देशात कोठेही होऊ शकते.

मधली पायरी राज्यातील अनुदानित शाळांची. येथे कायम वेतनश्रेणी चांगली असली, तरी नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागण्याची पद्धत आहे. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिक स्तरावर १६,००० आणि माध्यमिक स्तरावर १८,००० रुपये आहे. करारावरील नेमणुकांत तर वेतनवाढीची खात्रीही नसते.

तिसरी पायरी खासगी शाळा, उपचार केंद्रे आणि घरी जाऊन घ्यावयाच्या शिकवण्यांची. मोठ्या शहरात अनुभवी शिक्षिकेला तासाप्रमाणे चांगली प्राप्ती होते. काही जणी पुढे स्वतःचे केंद्रही काढतात. परंतु नवशिक्या शिक्षिकेला आरंभी थोडक्यावर समाधान मानावे लागते. शिवाय मे महिना, दिवाळीची सुटी, मुलाचे आजारपण, कुटुंबाचे स्थलांतर या प्रत्येक कारणाने ही प्राप्ती खंडित होते. हंगामी धंद्याच्या आवकेवर बारमाही हप्ता बांधू नये, हा नियम येथेही लागू आहे.

सावध हिशेबासाठी वरची पायरी गृहीत धरू नये. पहिल्या तीन वर्षांची आवक दरमहा १८,००० रुपये धरावी. त्याहून अधिक मिळाले तर तो नफा समजावा.

नावेची बाजू

आता कर्ज. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. अनेक पालक या काळाला "बिनव्याजी" समजतात. तो तसा नसतो. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही.

व्याजदर बँकेगणिक भिन्न असतो; समजण्यास सोपे जावे म्हणून १० टक्के धरू. भगिनींच्या पत्रातील सहा लाखांचे उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी तीन लाख, दुसऱ्या वर्षी तीन लाख. पहिल्या तीन लाखांवर तीन वर्षांचे सरळ व्याज ९०,००० रुपये आणि दुसऱ्या तीन लाखांवर दोन वर्षांचे ६०,००० रुपये. म्हणजे पहिला हप्ता सुरू होण्याच्या दिवशी वहीत सहा नव्हे, साडेसात लाख रुपये नावे पडलेले असतात. ही रक्कम दहा वर्षांत फेडावयाची तर मासिक हप्ता सुमारे ९,९११ रुपये येतो आणि एकूण परतफेड ११ लाख ८९ हजारांच्या आसपास जाते. दरमहा १८,००० रुपयांतून ९,९११ वजा केले तर शहरात खोलीचे भाडे आणि जेवणही निघणार नाही. वडिलांची शंका या आकड्यापुढे योग्य ठरते.

आता दुसरे उदाहरण. हीच पदवी शासकीय किंवा विद्यापीठाच्या विभागातून घेतली, राहण्याची सोय नातेवाइकांकडे किंवा समाजाच्या वसतिगृहात झाली आणि एकूण कर्ज दोन लाखांवर थांबले, असे समजा. तीन वर्षांत व्याज न भरल्यास दोन लाखांचे अडीच लाख होतात आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ३,३०४ रुपये येतो. परंतु तेच व्याज अभ्यासक्रम चालू असतानाच घरून भरत गेल्यास (पहिल्या वर्षी दरमहा सुमारे ८३३ रुपये, पुढे १,६६७ रुपये) मुद्दल दोन लाखांवरच राहते आणि हप्ता २,६४३ रुपयांवर येतो. व्याजापोटी आधी भरलेले ५०,००० रुपये धरूनही एकूण खर्चात जवळजवळ २९,००० रुपये वाचतात. व्याज वेळेवर भरणाऱ्यांना काही बँका व्याजदरातही थोडी सूट देतात. अर्ज करतानाच त्याविषयी विचारावे.

आणखी एक खर्च आपल्या वहीत कधीच लिहिला जात नाही. ही मुलगी आज दुकानाचे जीएसटीचे काम विनावेतन करते. ती दोन वर्षे शिकावयास गेली की त्या कामासाठी कोणाला तरी पगार द्यावा लागेल. ती रक्कमही शिक्षणाच्या खर्चात धरावी. तसे केले म्हणजे तिच्या आजवरच्या कामाचे मोल किती होते, हेही घरच्यांच्या लक्षात येईल.

मर्यादा कोठे आखावी?

एक साधा नियम सुचवितो. पहिल्या तीन वर्षांच्या सावध आवकेच्या १५ टक्क्यांहून मोठा हप्ता असू नये. १८,००० रुपयांचे १५ टक्के म्हणजे २,७०० रुपये. दहा वर्षांच्या मुदतीने आणि १० टक्के व्याजाने एवढ्या हप्त्यात सुमारे दोन लाख रुपयांचेच कर्ज पेलते. ४४,९०० रुपयांच्या मूळ वेतनावरही हा नियम लावला तर मर्यादा पाच लाखांच्या थोडी पुढे जाते. म्हणजे साडेसात लाखांचे ओझे सर्वोत्तम नोकरी पहिल्याच वर्षी मिळाली तरी या नियमात बसत नाही.

तेव्हा "विशेष शिक्षण परवडते काय?" या प्रश्नाचे उत्तर "होय" किंवा "नाही" असे एका शब्दात देता येत नाही. दोन लाखांच्या कर्जात ते परवडते. सहा लाखांच्या कर्जात तीच पदवी, तोच नोंदणी क्रमांक आणि तोच पगार परवडत नाही. पगार ठरताना पदवी महाग संस्थेतून घेतली की स्वस्त, हे सहसा कोणी पाहत नाही. मान्यता, शाखा, पात्रता परीक्षा आणि मुलांबरोबर केलेल्या कामाचा अनुभव पाहिला जातो. या मुलीकडे तर त्यांपैकी अनुभव आजच आहे.

कर्ज कमी कसे करावे?

प्रथम संस्था. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही श्रवणदोषाच्या क्षेत्रातील केंद्र सरकारची संस्था आहे, सिकंदराबादेत बौद्धिक दिव्यांगत्वाची राष्ट्रीय संस्था आहे, श्रीमती ना. दा. ठाकरसी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षणाचा विभाग मुंबईत आहे. अशा संस्थांचे अर्ज वेळेवर भरावेत. एक वर्ष थांबून शासकीय संस्थेत प्रवेश मिळाला, तर त्या एका वर्षाची किंमत चार लाखांच्या कर्जाहून पुष्कळ कमी पडते.

नंतर कर्जाचा प्रकार. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण व जामीन न घेता कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना, अन्य सवलतीचा लाभ नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज-साहाय्याची तरतूद आहे. आपली संस्था त्या यादीत आहे काय, ते पाहावे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्याने अल्पसंख्याकांसाठीच्या वित्त महामंडळांची शैक्षणिक कर्जेही आपल्या मुलांना खुली आहेत. त्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. परंतु छोट्या दुकानदारांची कितीतरी घरे त्या मर्यादेत बसतात. "आपण व्यापारी, आपणांस सवलत कशी मिळेल?" असे म्हणून अर्जच न करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. पात्रता असताना अर्ज न करण्यात कसलाही मोठेपणा नाही.

समाजाचे अनेक न्यास बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतात. ती घेण्यात संकोच मानू नये आणि परत करण्यात विलंब करू नये. आपली परतफेड म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याचे शुल्क असते. प्राप्तिकर कायद्यानुसार मिळणारी व्याजाची वजावट परतफेड सुरू झाल्यापासून आठ वर्षे मिळू शकते, पण ती केवळ जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना. वर काढलेल्या पगारावर मुळात कर थोडा किंवा शून्यच असतो; म्हणून या वजावटीच्या आशेने कर्ज वाढवू नये.

परदेशातील आप्तांकडून येणाऱ्या एका सल्ल्याविषयीही लिहिणे आवश्यक आहे. "अमेरिकेत विशेष शिक्षकांचे कर्ज माफ होते, तिला इकडेच पाठवा," असे काही जण कळवितात. तेथे अल्प उत्पन्न गटातील मुलांच्या शाळांत सलग पाच वर्षे शिकविणाऱ्या पात्र विशेष शिक्षकाचे १७,५०० डॉलरपर्यंतचे कर्ज माफ होण्याची तरतूद आहे, हे खरे. परंतु ती सवलत संघराज्य सरकारच्या कर्जाला आहे, आणि ते कर्ज तेथील नागरिकांना, कायम रहिवाशांना व अशाच काही मोजक्या वर्गांना मिळते. येथून विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्या मुलीला ते कर्जच मिळत नाही, तेव्हा माफीचा प्रश्न उरत नाही. तेथेच जन्मलेल्या नातींसाठी मात्र ही माहिती उपयोगी आहे.

लग्न आणि हप्ता

पत्रात एक ओळ कंसात आहे: "पुढे लग्न झाल्यावर हप्ता कोण भरणार?" बहुतेक घरांत खरी अडचण हीच असते आणि ती उघड बोलली जात नाही. कर्ज मुलीच्या नावे असते आणि आई किंवा वडील सहकर्जदार असतात. लग्नाने हे उत्तरदायित्व बदलत नाही. हप्ता थकला तर बँक दोघांनाही विचारते आणि दोघांच्याही पतनोंदीवर डाग पडतो. म्हणून स्थळ पाहताना जसे आपण दुकानाचे, घराचे सांगतो, तसे हेही आरंभीच सांगावे: एवढे कर्ज आहे, एवढा हप्ता आहे आणि तो ती स्वतःच्या कमाईतून भरणार आहे. हे ऐकून जे घर मागे सरेल, ते तिच्या नोकरीलाही उद्या "कशाला हवी?" म्हणेल. तो नकार आधीच कळलेला बरा. कर्ज दोन लाखांचे असले तर ही बोलणी सोपी होतात, हेही त्याला मर्यादेत ठेवण्याचे एक कारण आहे.

एक प्रश्न आपणा सर्वांना

आजवरचा हिशेब मुलीच्या घराचा झाला. आता थोडे आपल्याविषयी. या मासिकाच्या वाचकांत अनेक जण शाळांचे, वसतिगृहांचे, दिव्यांग मुलांच्या संस्थांचे विश्वस्त आहेत. इमारतीसाठी, बससाठी, भोजनगृहासाठी आपण मोकळ्या हाताने देतो. तेथे नावाची पाटीही लागते. शिक्षिकेच्या पगाराचा विषय निघाला की मात्र "ही सेवा आहे" असे म्हणून तो पुढे ढकलला जातो. सेवा देणाऱ्याने स्वतः ठरवावयाची असते. पगार देणाऱ्याने ती दुसऱ्यावर लादावयाची नसते. आपल्या दुकानातील अनुभवी विक्रेत्याला जे वेतन आपण देतो, त्याहून कमी वेतन पदवीधर, नोंदणीकृत विशेष शिक्षिकेला देणारी संस्था तिच्या तोट्यावर चालते आहे, आपल्या दानावर नव्हे.

या मुलांना शिकविणारी व्यक्ती वारंवार बदलली तर मुले मागे पडतात. स्वमग्न मुलाला एका आवाजाची, एका स्पर्शाची ओळख होण्यास महिने लागतात. शिक्षिका हप्त्याच्या काळजीने दुसरीकडे गेली की ते महिने वाया जातात. म्हणून दोन गोष्टी सुचवितो. ज्यांच्या संस्थेत विशेष शिक्षिका आहेत, त्यांनी येत्या सभेत पगारपत्रक मागवून पाहावे. आणि ज्या न्यासांना शिष्यवृत्ती देणे शक्य आहे, त्यांनी शिक्षण पूर्ण करून पाच वर्षे आपल्या भागातील शाळेत शिकविणाऱ्या विद्यार्थिनीचे दरवर्षी एक-पंचमांश कर्ज फेडण्याची योजना करावी. दोन लाखांच्या कर्जाला वर्षास चाळीस हजार मुद्दल. एका भोजन-समारंभाच्या खर्चात किती शिक्षिका आपल्या गावात राहतील, हे प्रत्येकाने आपापल्या वहीवर मांडून पाहावे.

भगिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे: सहा लाखांच्या संस्थेत तूर्त पैसे भरू नयेत. शासकीय व विद्यापीठीय संस्थांचे अर्ज या आठवड्यात मागवावेत. कर्ज दोन लाखांच्या आत बसत असेल तर निःशंकपणे काढावे आणि त्याचे व्याज पहिल्या महिन्यापासून भरावे. हा सारा हिशेब यजमानांच्या हाती न सोपवता मुलीलाच मांडावयास सांगावा. दुकानाचे जीएसटी भरणाऱ्या मुलीला तो अवघड जाणार नाही, आणि जे कर्ज तिच्या नावे लागणार आहे, त्याविषयी बोलण्याचा पहिला अधिकारही तिचाच आहे.